ताडपत्रीखालचं यंत्र

आमच्या गावच्या पाणी केंद्रात नवं यंत्र बसलंय. तलावातल्या शेवाळाचं विष उकळून जात नाही. या यंत्रातल्या पांढऱ्या लेपावर ऊन पडलं, की ते नष्ट होतं. जोडणी झाली, पाणीही त्यातूनच वाहतंय. आज पाहिलं, तर त्यावर जाड ताडपत्री बांधलेली.

"झाकलंय कशाला?" मी रखवालदाराला विचारलं.

"साहेबांच्या हस्ते उद्घाटन व्हायचंय, ताई. तोवर धूळ बसायला नको."

"आणि साहेब कधी येणार?"

"वेळ मिळाला की."

डोक्यावर ऊन रणरणत होतं, फुकटचं आणि भरपूर. पण आपल्याकडे नारळ फोडून फीत कापल्याशिवाय सूर्यालाही कामावर रुजू होता येत नाही. दिवा लावायचा मान साहेबांचा, तोवर घरच्यांनी अंधारात जेवायचं. घरी माझी सून हेच पाणी फडक्याने गाळते, खळखळ उकळते आणि निर्धास्तपणे तान्ह्या नातीला पाजते. तिच्या त्या निर्धास्तपणाची आठवण झाली आणि माझं डोकं फिरलं.

मी ताडपत्रीची गाठ सोडली.

"अहो ताई, मला बोलणी बसतील!"

"माझं नाव सांगा," म्हटलं, आणि दुसऱ्या गाठीला हात घातला.