शेवट मोकळा सोडा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या टेलरबाईला लेखिका व्हायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. तिला एक गोष्ट छापून आणायची होती, आणि ती एकाच माणसाने वाचायला हवी होती. बाकी जगाने वाचली काय, न वाचली काय.

ते माणूस म्हणजे तिची धाकटी बहीण. आई गेल्यावर आईचं शिवणाचं मशीन कुणी न्यायचं यावरून दोघींचं वाजलं. हिने मशीन उचलून आपल्या खोलीत आणलं. धाकटी दारात उभी राहून जे बोलायचं ते बोलली आणि गेली ती गेलीच. फोन बदलला, घर बदललं, कुठे असते त्याचा पत्ता नाही. एवढंच माहीत, की एक मासिक धाकटी लहानपणापासून वाचते, तेही मागच्या पानाकडून पुढे, आणि ते ती सोडणार नाही.

"त्यात आलं की तिला पोचलं," टेलरबाई म्हणाली. "काकू, तेवढं टाइप करून द्या."

गोष्ट सरळ होती. दोन बहिणी, एक मशीन, एक दाराच्या आत, एक बाहेर. शेवटची ओळ: 'दार उघडंच आहे, मशीन तुझंच आहे, ये.' मी शुद्धलेखन निस्तरलं आणि म्हटलं, पाठव.

पण ट्रायल घेतल्याशिवाय कपडा हातावेगळा करायचा नाही, हा तिचा धंद्यातला नेम. गिऱ्हाईक म्हणालं काखेत काचतंय, की ही निमूट उसवायला बसणार. वाद घालणं तिच्या रक्तात नाही. तोच नेम तिने गोष्टीला लावला.

पहिली ट्रायल नवऱ्याची. "थोरलीचा नवरा नुसता बसून असतो म्हणे! लोक मला ओळखतील," तो म्हणाला. नवरा गोष्टीतून गेला. मग वाचनालयाच्या माडीवर कथालेखनाचा वर्ग भरतो, तिथे नाव घातलं. तिथले सर म्हणाले, थोरली फार रडते, आवरा. आवरलं. गळ्यात टपोरे मणी घालणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "मला थोरली पटतच नाही. मशीन न्यायचा हक्क तिला दिला कुणी?"

"हक्क नव्हताच हो," ही म्हणाली आणि घरी येऊन दोन पानं नव्याने लिहिली. पुढच्या वर्गात त्याच बाई म्हणाल्या, आता धाकटी पटत नाही.

प्रत्येक खेपेला टाइप करणार कोण? मी. माझ्या कॉम्प्युटरवर 'गोष्ट', 'गोष्ट नवी', 'गोष्ट खरी नवी', 'गोष्ट हीच' अशा फायली साठल्या. शेवटी माझं डोकं फिरलं.

"अगं, कुणाकुणाच्या मापाने बेतणार आहेस ही गोष्ट?"

"गिऱ्हाइकाला टोचतं तर टोचतं, काकू. ते खोटं कशाला बोलेल?"

"ती गिऱ्हाइकं नव्हेत. ती नुसती दुकान बघायला आलेली माणसं. जिने घालायचं ती गिऱ्हाईक."

"म्हणजे धाकटी?" ती म्हणाली. "पण तिची ट्रायल कशी घेऊ?"

मी पुन्हा टाइप करायला बसले.

मग सरांनी शेवटच्या ओळीला हात घातला. "तुम्ही सगळंच सांगून टाकता. शेवट मोकळा सोडा. वाचकाला ठरवू दे."

"मोकळा सोडला तर पुढे उसवत जाईल ना, सर?"

वर्ग खो खो हसला, सरही हसले, आणि ओळ गेली. आता धाकटी दारापाशी येते, तिचा हात कडीकडे जातो आणि संपलं.

तशी ती गोष्ट धाकटीच्या त्या मासिकाला पाठवली आणि त्यांनी घेतली. पेढे घेऊन यायचं, तर ही आली पडलेल्या चेहऱ्याने. गोष्ट पुन्हा वाचली होती.

"काकू, यात 'ये' कुठे म्हटलंय?"

कुठेच नव्हतं. म्हटलं, कर संपादकांना फोन, माझ्यासमोर कर. केला.

"एक ओळ घालायची राहिली हो," ही म्हणाली.

"छे छे, शेवटाला हात लावू नका. त्या शेवटासाठीच तर कथा घेतली!"

"बरं, थँक्यू," म्हणून हिने फोन ठेवला. समोरचा खूश म्हटल्यावर ही तोंड उघडेल तर शपथ!

गोष्ट छापून आली. खाली लेखिकेचा फोन नंबर छापायची त्या मासिकाची पद्धत, त्यामुळे वाचकांचे फोन सुरू झाले. सगळ्यांना एकच पंचाईत, दार उघडलं की नाही? ही प्रत्येकाला सांगायची, "उघडलं, उघडलं. मशीनही तिचंच आहे. ये म्हणावं तिला." एक पेन्शनर भांबावून म्हणाले, "कुणाला म्हणू, बाई?"

मग एका दुपारी ती गळ्यात टेप तशीच लटकवून खाली धावत आली.

"काकू, एका बाईचा फोन. म्हणाली, पायडल अजून करकरतं का? मी म्हटलं, कोण? तर ठेवलाच. करकरीचं गोष्टीत आहे का हो?"

इतक्यांदा टाइप करून मलाही आठवेना. दोघींनी मिळून मासिक वाचलं. करकर नव्हती. माझ्या फायली उघडल्या, तर 'गोष्ट नवी'मध्ये करकर होती. म्हणजे वर्गाने ती ऐकलेली. म्हणजे मण्यांच्या बाईही असू शकतील!

"आवाज तिचा होता का?"

"थोडा होता, थोडा नव्हता. इतक्या वर्षांनी कसं सांगू?"

"मग त्याच नंबरवर लाव."

"आणि मण्यांच्या बाई निघाल्या तर?"

"तर त्यांनाही सांग, करकरतं म्हणून!"

तिने नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला, पण बोललं नाही.

"करकरतं," ही म्हणाली. "तू गेल्यापासून जास्तच."

मग पलीकडून कुणी बोलायला लागलं ते थांबेचना. हिने फोनवर हात ठेवला आणि डोळे पुसत माझ्याकडे वळली.

"म्हणतेय, असला कसला गं शेवट केलास? मला बोलवायचं होतं की नव्हतं? काय सांगू, काकू?"

"अगं, आता तरी मला विचारू नकोस!" मी ओरडले.