मला खाली घ्या

भागाआत्या कुणाच्या दारात चपला काढायला लागली, की त्या घरातल्या बाया आधी अंथरुणावरच्या माणसाकडे बघायच्या. ती यायची ती दोनच कारणांनी. विरजण मागायला, नाहीतर कुणाचं सरत आलं म्हणून. हातात विरजणाचं भांडं नसलं, की घर चिडीचूप व्हायचं.

राहात्याजवळच्या त्या गावात मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा ती आमची शेजारीण. सासरे आजारी होते. ही आली, त्यांच्या तळपायाला हात लावला आणि सासूबाईंना म्हणाली, "वैनी, भुई सारवा. खाली घ्या त्यास्नी." माणसानं खाटेवर जीव सोडू नये, सारवलेल्या भुईवर, तोंडात तुळशीचं पाणी घेऊन जावं, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी हंबरडा फोडला तर ही खेकसली, "रडू नगा. जीव घुटमळतो. वाट द्या त्याला." सासरे शांत गेले. मला मात्र बाईचा भयंकर राग आला. मेली अवदसा, असंच मी मनात म्हणायचे.

तो राग गेला माझ्या बाळंतपणात. रोज काहीबाही करून आणायची आणि दारातूनच ओरडायची, "भिऊ नगं गं, भांडं आनलंय!" मग आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

एवढी धीट बाई, पण दवाखान्याला भ्यायची. तिची बहीण नगरला नळ्या लावलेल्या अवस्थेत, खाटेवरच गेली होती. म्हणून एकदा तिनं माझ्यादेखत मुलाला, बापूला, तुळशीपुढं उभं केलं. बापू साखर कारखान्यात फिटर, स्वभावानं गरीब. "माजं सरत आलं की दवाखान्यात न्यायचं न्हाई. सुया न्हाईत, नळ्या न्हाईत. मला खाली घ्यायचं. व्हय म्हन."

"व्हय आई," बापू म्हणाला.

पुढं एका उन्हाळ्यात ती चुलीपुढंच कोसळली. शुद्धीवर आली आणि म्हणाली, "बापू, भुई सारव." बापूनं शेणाला हातही घातला होता. पण भावकी जमली. "कारखान्यात नोकरीला हाईस आन् आईला दवाखाना दाखवत न्हाईस? लोक त्वांडात शेन घालतील!" बापूचा धीर सुटला. जीप आली. आत्यानं दाराची चौकट घट्ट धरली होती. तिची बोटं बापूनंच सोडवली. मी सोबत गेले.

नगरला पोचलो आणि दुपारीच तिचा श्वास थांबला. चेहरा कसा मोकळा झाला होता. बापूनं हात जोडले, "डाक्टरसायब, ऱ्हाऊ द्या. खाली घ्या तिला. तिची तशी इच्छा हाय."

"हा दवाखाना आहे, स्मशान नाही. बाहेर व्हा!" डॉक्टर ओरडले आणि दोन्ही हातांनी तिची छाती दाबू लागले. दारातून मला लोखंडी खाटेची करकर ऐकू येत होती. मध्येच काहीतरी मोडल्याचा आवाज आला. ती बरगडी होती.

आत्या परत आली. बापू लेकरूच शेवटी, त्यानं आनंदानं डॉक्टरांचे पाय धरले. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं.

"कोनी आनलं मला माघारी?"

त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही. नळ्या उपटते म्हणून तिचे हात पट्टीनं खाटेला बांधले होते. मग ती एक पाय हळूहळू खाटेखाली सोडायची. नर्स तो उचलून वर ठेवायची, "आजी, पडाल हं." पुन्हा पाय खाली. शेवटी गेली ती तशीच, अंगठा फरशीपासून बोटभर वर राहिलेला. घरी आणून तिला सारवलेल्या भुईवर ठेवलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

बापू पुढं आयुष्यभर जमिनीवरच झोपला. घरात चांगला पलंग असून.

आता मीही अंथरुणाला लागले आहे. मुलांना समोर बसवून सगळं सांगितलं, मला नेऊ नका, खाली घ्या. गुणाची आहेत पोरं. दोघंही लगेच म्हणाले, "हो आई."

बापूही असंच म्हणाला होता.