पहिल्या मानाचं कॉलेज

आधी एक कबूल करा, हसायचं नाही. आणि हसलातच, तर माझ्या आईसमोर हा विषय काढायचा नाही. चहा ओतलाय, घ्या, आणि निवांत ऐका. बारावीनंतर लोक काय काय चुका करतात! कुणी तारीख विसरतं, कुणी स्वतःच्या फोटोच्या जागी बापाचा फोटो चिकटवतं. पण हातात चांगले मार्क असताना, पूर्ण शुद्धीवर, सगळ्या घराच्या संमतीनं स्वतःच्या ऍडमिशनची माती करणारी आमच्या लासुर्ण्यात मी एकटीच.

तर झालं असं, की मला पुण्याला जायचं होतं. दहावीपासून एकच ध्यास. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, तेही पुण्यात, हॉस्टेलवर राहून. आमच्या घरातली एकही मुलगी शिकायला घराबाहेर राहिलेली नव्हती. वडलांना आम्ही तात्या म्हणतो. तात्यांच्या मागं लागून लागून मी त्यांना एका अटीवर तयार केलं होतं. ते म्हणाले, "सरकारी यादीत पुण्याचं नाव निघालं तर मी सोता सोडायला येतो. न्हाय निघालं तर जवळ मिळंल तितं जायाचं, मग रडायचं न्हाय."

मी म्हटलं, कबूल. मला माझ्यावर भरवसा होता. आणि सीईटीत मार्क पडलेच तसे. माझी मामेबहीण वैष्णवी माझ्याच वर्षाची. आम्ही दोघींनी कऱ्हाटीला मामाच्या माडीवर बसून एकत्र अभ्यास केला, आणि तिला माझ्यापेक्षा बऱ्यापैकी कमी पडले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाहीये, हे पुढं लागणार आहे.

निकाल लागला की इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरावा लागतो. म्हणजे काय, तर आपल्याला कोणकोणती कॉलेजं हवीत त्यांची नावं एकाखाली एक टाकायची. पहिल्या नंबरला एक, दुसऱ्याला एक, अशी. आमच्या सरांनी वर्गात बजावून सांगितलं होतं की क्रम विचार करून लावा, सगळा खेळ क्रमाचा आहे. आता तुम्हाला खरं सांगते, मी जेवढा विचार केला ना, तेवढा अख्ख्या इंदापूर तालुक्यात कुणी केला नसेल. तिथंच तर घोळ झाला.

कारण क्रम लावणं हा माझा हातखंडा विषय होता! माझं अक्षर चांगलं, म्हणून सातवीपासून आमच्या भावकीतल्या प्रत्येक लग्नाच्या पत्रिकेची यादी मी लिहायची. वर कुलदैवत, मग ग्रामदैवत, मग मामांचा मान, मग आत्या, चुलते, व्याही, आणि मग पुढारी मंडळी. एकदा माझ्या हातून धाकट्या चुलत आजोबांचं नाव थोरल्यांच्या वर गेलं. थोरले आबा लग्नाला आले, पण मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले आणि फोटोपुरतेसुद्धा आत आले नाहीत. वर्षभर आईशी बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की यादीत नाव कितव्या नंबरला आहे यावर घरं तुटतात.

आता आमचा दत्तूमामा, म्हणजे वैष्णवीचे वडील, बारामतीच्या पलीकडं, कऱ्हाटीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लायब्ररीत नोकरीला. फॉर्म भरायच्या आठवड्यात मामा आमच्याकडं आलेला. निघताना पायात चप्पल घालता घालता म्हणाला, "आमच्या बी कॉलेजचं नाव घाल बरं का बाळ यादीत."

झालं! मामानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सख्खा मामा. त्याचं नाव खाली घालून चालेल? मामाचं कॉलेज पहिल्या नंबरला गेलं.

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार पोरगी आणि एवढं कळलं नाही? अहो, माझा हिशोब पक्का होता. ऍडमिशन मेरिटवर होते, हे तर सरांनीच सांगितलं होतं. म्हणजे मार्क जास्त असले की मोठं कॉलेज आपल्याला ओढून घेणार, मग आपण त्याचं नाव कुठं का लिहिलेलं असेना. क्रम हा निव्वळ मानापानाचा. आणि याद्या त्या त्या कॉलेजांत जाणार, तिथं मामा बसलेला. भाचीनं आपल्याला सातव्या नंबरला टाकलं, हे त्याला चार माणसांत दिसलं तर?

एकदा मामा आला की आत्याला टाळता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आत्या सोलापूरला, म्हणून सोलापूरचं एक कॉलेज दोन नंबरला. चुलत्यांचे व्याही साताऱ्याकडचे, त्यांचा मान तीनवर. असं करत करत वीस नावं झाली. एका कॉलेजच्या उद्घाटनाला तात्या जाऊन आले होते, तेही घेतलं. मागून बोल लागायला नको.

आणि पुणं? पुण्याचं ते कॉलेज, ज्याच्या गेटचा फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, ते मी एकविसाव्या नंबरला घातलं. सगळ्यात तळाला. लग्नपत्रिकेत घरच्या माणसांची नावं कुठं असतात? तळालाच ना! निमंत्रक कधी वर जाऊन बसतो का?

फॉर्म भरून झाला. फॉर्मला फोन नंबर तात्यांचा, म्हणून लॉक करायला लागणारा ओटीपीचा आकडा त्यांच्याच फोनवर येणार होता. त्यांनी चष्मा लावून आधी सगळी यादी वाचली. वाचता वाचता म्हणाले, "पुनं दिसंना कुठं?"

मी म्हटलं, "तात्या, ते खाली आहे. घरचं आहे ते."

"व्हय व्हय," तात्या म्हणाले. "बरुबर हाय."

बघा, त्यांना लगेच पटलं! आईनं आतून विचारलं की आत्याचं घातलं का, मी हो म्हटलं, तीही समाधानी. घरातल्या एकाही माणसाला त्या यादीत काही चुकलंय असं वाटलं नाही. उलट चुलत्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की पोरीला सगळ्यांचं कळतंय. मी फॉर्म लॉक केला.

पुढचे दिवस मी हवेत होते. आईनं भवानीनगरला जाऊन माझ्यासाठी नवी बॅग आणली. तात्यांनी पारावर सांगून टाकलं की पोरगी पुण्याला चालली. मी शेजारच्या काकूंना पुण्यातल्या पाण्याविषयी माहिती देत होते, म्हणजे विचार करा.

यादी लागली त्या सकाळी तात्यांच्या फोनवर मेसेज आला. मी वाचला. मग वेबसाईट उघडून वाचलं. मग फोन बंद करून पुन्हा चालू केला आणि परत वाचलं. तिन्ही वेळा मामाचंच कॉलेज.

आई घाबरली. मी तिला समजावलं, की घाबरू नकोस, ही पहिलीच फेरी, मानाची फेरी असेल. खरी ऍडमिशन पुढच्या फेरीत होते. हे मी इतक्या शांतपणे सांगितलं की मलाही खरं वाटलं. तरी खात्री केलेली बरी, म्हणून तात्या आणि मी गाडीवर बसून बारामतीला ऍडमिशनच्या सुविधा केंद्रात गेलो.

तिथं एक मॅडम होत्या, चष्मा लावलेल्या, अगदी थंड डोक्याच्या. मी त्यांना विचारलं की पुढच्या फेरीत पुणं मिळेल ना. त्या म्हणाल्या, "पुढची फेरी तुझ्यासाठी नाही बाळ. पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की सीट आपोआप फ्रीझ होते. आता हेच घ्यायचं, नाहीतर फेऱ्यांतून बाहेर."

"पण मॅडम, ते मी मनापासून नव्हतं टाकलं."

"मग कशाला टाकलंस?"

तेव्हा तात्या पुढं झाले आणि एकदम सरळ आवाजात म्हणाले, "मॅडम, त्यो मामाचा मान हाय."

मॅडमनी चष्मा काढला. स्क्रीनवर माझी यादी उघडली आणि पुन्हा चष्मा लावला.

"हे दोन नंबरला सोलापूर?"

"आत्याचं," मी म्हटलं.

"तीन नंबर?"

"चुलत्यांच्या व्याह्यांचं."

"आणि पुणं एकविसाव्या नंबरला..."

"ते घरचं हाय," तात्या म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या सरांना बोलावून ती यादी दाखवली, तेही हसले नाहीत. मग मॅडमनी मला शेजारी बसवून पाणी दिलं आणि समजावलं, की बाळ, कॉम्प्युटर नावं वरून वाचत येतो. जिथं पहिल्यांदा मार्क बसतात तिथं थांबतो. तुझे मार्क इतके चांगले होते, की त्याला खाली यायची गरजच पडली नाही.

हे वाक्य मला आजही पाठ आहे. एखाद्याला इतक्या प्रेमानं कुणी जमिनीवर आपटलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. थोडे कमी मार्क पडले असते तर निदान सोलापूरला तरी गेले असते!

परत येताना मी गाडीवर मागं बसून रडत होते. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय असं दाखवायचा प्रयत्न केला, पण गाडी तात्यांची, तिला कुठला एवढा वेग? भवानीनगरच्या चौकात त्यांनी गाडी थांबवली, दोन चहा सांगितले. मला वाटलं आता अटीची आठवण करून देतील, रडायचं न्हाय म्हणून. तसं काही बोलले नाहीत. कपात बघत म्हणाले, "मी बी वाचली व्हती की यादी. मलाबी पटली व्हती." मग मला जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूमामा पेढे घेऊन हजर. चेहरा उजळलेला. मला वाटलं, भाची आपल्या कॉलेजात येतेय म्हणून आनंद झालाय. मनाची समजूत घातली, की जाऊ दे, पुणं गेलं पण मामाचा मान राहिला. एक माणूस तरी खूश आहे.

मामानं आईच्या हातात पुडा ठेवला आणि म्हणाला, "घ्या अक्का. वैष्णवीचा नंबर लागला पुन्याला."

कुठलं कॉलेज, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. तेच. माझ्या कपाटाच्या दारावरचं.

आईनं माझ्याकडं बघितलं. तात्या उठून गोठ्याकडं गेले. माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला. तो गिळून मी मामाला विचारलं, "मामा, वैष्णवीच्या यादीत तुमच्या कॉलेजचं नाव कितव्या नंबरला होतं?"

मामा आठवून म्हणाला, "शेवटच्या. त्ये बी ऱ्हायलं असतं, पोरीनंच आठवन केली. आन तुझं काय झालं? तुला तर पुनंच मिळालं आसंल."

मग मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. त्याचा मान, आत्याचा मान, एकविसावा नंबर, सगळं. मामाचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो मटकन ओट्यावर बसला. खरंच वाईट वाटलं त्याला, डोळ्यांत पाणी आलं.

"पण मामा, तुम्हीच म्हणाला होता ना, आमच्या कॉलेजचं नाव घाल म्हणून?"

"आगं येडे, त्ये आपलं जाता जाता बोलायचं म्हून बोललो!" मामा म्हणाला. "पावना निघाला की आपन म्हनतोच की, ऱ्हावा की आजच्या दिवस. म्हून काय कुनी पिशवी खाली ठिऊन मुक्कामाला बसतंय का?"

मी बसले. चार वर्षं. कऱ्हाटीत, मामाच्याच घरी, वैष्णवीच्या रिकाम्या झालेल्या खोलीत.