गुलबक्षी रंग मला माहीत होता

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेआठ. मुलुंड पूर्व, आमच्या सोसायटीची मागची बाग. हजर: मी, म्हणजे सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरचे खजिनदार, आणि बारा वर्षं आमची बाग सांभाळणारे माळीमामा. गैरहजर: तळमजल्यावरच्या काकू. त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून बोलावलं नाही, असं मी खजिनदारांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. काकू आल्या असत्या तर एकेका रोपाची हकिगत ऐकता ऐकता दुपार झाली असती.

काम सोपं होतं. प्रत्येक झाडाला नावाची पत्र्याची पाटी लावायची. मी वहीत रकाने आखून आणले होते: झाड, नाव, शेरा. जास्वंद, तगर, अनंत, सदाफुली असं भराभर उरकत आलं. कुंपणाच्या कोपऱ्यात मात्र कमरेएवढं हिरवं रान माजलं होतं. फुलं सगळी मिटून लोंबत होती, विझलेल्या वातींसारखी.

"हे काय आहे?"

"काकूंची गुलबास," माळीमामा म्हणाले. "संध्याकाळची फुलते ती."

"गुलबास?" खजिनदार हसले. "अत्तराच्या बाटलीवरचं नाव वाटतंय यार."

मीही हसले. असलं नाव मी ऐकलं नव्हतं, आणि मी ऐकलं नाही म्हणजे ते पाटीवर लिहिण्याजोगं नाही, असं मला वाटलं. शेऱ्यात लिहिलं: जंगली, काढणे.

"ताई, काकूंना एकदा विचारा."

"विचारते," मी म्हटलं, आणि सोमवारच्या कामांत तेही लिहिलं. सोमवारी ऑफिसातून फोनावर फोन आले. काकूंना विचारायचं राहून गेलं. यादीची प्रत मी सकाळीच वॉचमनकडे ठेवली होती. माळीमामांनी यादीप्रमाणे काम केलं. मी 'विचारते' म्हणाले होते, तेव्हा विचारलं असणार, असं त्यांनी धरलं.

संध्याकाळी मी गेटातून आत शिरले तेव्हा काकू रिकामं ताट घेऊन कोपऱ्यापाशी उभ्या होत्या. कुंपणापाशी नुसती माती.

"माझी गुलबास कुठे गं?"

मी उलट विचारलं, "काकू, गुलबास म्हणजे नक्की काय?"

"अगं, तुम्ही गुलबक्षी म्हणता ती."

"गुलबक्षी? तो तर रंग ना?"

"मग रंग आला कुठून? साडीच्या दुकानातून?"

माझ्या लग्नाच्या याद्या मीच केल्या होत्या. त्यात 'एक गुलबक्षी शालू' अशी ओळ होती. नवरात्रात, डोहाळजेवणात, पडद्यांच्या ऑर्डरीत हा शब्द मी किती वेळा वापरला असेल. पण त्याला मुळं असतात, काळ्या मिऱ्यांसारख्या बिया असतात, हे माझ्या गावीही नव्हतं. नंतर शब्दकोश उघडला. गुल म्हणजे फूल, त्यापुढे अब्बास हे माणसाचं नाव. त्याचं घासून गुलबास झालेलं. म्हणजे मी ज्याला हसले तेच नाव जुनं होतं.

काकूंच्या आईच्या अंगणातलं बी होतं ते. संगमेश्वराहून लग्न होऊन येताना पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. चाळीतून चाळीत, मग इथे. रोज संध्याकाळी काकू ती फुलं खुडायच्या आणि वेणी गुंफायच्या. सुई नाही, दोरा नाही. फुलांचे लांब देठच एकमेकांत अडकवत जायच्या. आईची दुसरी कुठलीच वस्तू आपल्याकडे नाही, हे त्या मला तिथे उभ्या उभ्या म्हणाल्या.

तेवढ्यात माळीमामा पाइप गुंडाळत आले.

"मेल्या, डोळे फुटले होते का तुझे? बारा वर्षं पाणी घालतोस ना त्याला?"

माळीमामांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी एकदाच. मी पर्समध्ये किल्ली शोधू लागले.

"चुकलं, काकू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. फडक्यात तीन कंद होते, रताळ्यासारखे, मातीने माखलेले. "कचऱ्यातनं काढले. तुम्ही लावा. माझ्या हातचं आता काकूंना चालणार नाही." मी लावले. पाणीही घातलं, न चुकता. दोन महिन्यांत कोपरा पुन्हा फुलला.

काल काकूंनी मला हाक मारली आणि स्वतःच्या हाताने माझ्या केसांत वेणी माळली. "तू होतीस म्हणून वाचली गं बाई. त्याच्या भरवशावर राहिले असते तर वाट लागली होती." मी मान खाली घालून माळून घेतली. काकूंच्या ओट्यावरून उठताना मला माळीमामा दिसले. नळावर ओंजळीने पाणी पीत होते. काकूंच्या खिडकीतून रोज चार वाजता त्यांना चहा मिळायचा. दोन महिने तो बंद आहे. त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

पाटी तयार आहे. वर गुलबास, खाली कंसात गुलबक्षी. ती ठोकायला पाच मिनिटं पुरतील. काकूंना यादीचं सांगायचं बाकी आहे.