एका बाजेवरच्या शेवया

"आरं, ह्यातल्या माझ्या कोणत्या? ते सांग आधी! सांग!"

वाड्यावरच्या मोठ्या आईंचा आवाज असा की त्यांनी तीर्थपुरीच्या बाजारात कांद्याचा भाव विचारला, तर तिकडं अंबडचा व्यापारी घाबरून भाव उतरवतो. आता तो सगळा आवाज माझ्या एकट्याच्या कानात शिरत होता. मध्ये एक बाज होती. बाजेवर धुवट लुगडं आणि लुगड्यावर मेंढीची लोकर कातरून टाकावी तसा शेवयांचा ढीग. अर्धवट वाळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या शेवया. पलीकडं माझी बायको उभी होती, धापा टाकत, केसांत माती. आणि दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत रव्याचे डबे कमरेवर घेतलेल्या बायांची रांग. रांग चिडीचूप होती. बायांची रांग बोलत असली तर धंदा बरा चाललाय म्हणायचं. गप्प झाली की समजायचं, आता काहीतरी पेटणार.

घटकाभरापूर्वी असं काही नव्हतं.

मी अंकुशनगरला साखर कारखान्यावर हंगामी कामाला होतो. हंगाम संपला की घरी बसायचं आणि बायकोनं केलेला चहा पिऊन तिलाच सल्ले द्यायचे, हा माझा दरसालचा उद्योग. त्या साली तिनं सल्ला ऐकायचा सोडून दिला. "म्हैस विका आन् शेवयाचं मशीन आणा," म्हणाली. विकली. जालन्याहून एकानं वापरलेलं मशीन आणलं. विकणारा शपथेवर सांगत होता, "यात दगड टाकला तरी बारीक शेवई निघंल." पहिल्या दिवशी चालू केलं तर असा आवाज झाला की शेजारची कोंबडी दोन दिवस अंडं द्यायची विसरली. बायको म्हणते, कोंबडी आधीपासूनच म्हातारी होती. असेल.

मशीन आलं, पण सावलीला शेड घालायला काही उरलं नाही. बांबू तेवढे आले. मग शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेत बांबू आडवे बांधले आणि उघड्यावरच शेवया वाळत घालायला लागलो. दोन गल्ल्या सोडून दुसरं मशीन होतं. त्याला पक्कं शेड, वर पंखे, आलेल्या बाईला चहा. आमच्याकडं चहा नाही, पंखा नाही, फक्त जाळी बारीक आणि बायकोचा हात हलका. शिमग्यापासून मृगापर्यंत जे काय कमवायचं ते कमवायचं. मृग लागला की मशीन म्हणजे नुसतं लोखंड. म्हैस असती तर निदान दूध तरी दिलं असतं.

आणि शेवया म्हणजे काय दुकानातली बिस्किटं नव्हेत, की हा पुडा नाही तर तो पुडा. घरचा गहू निवडायचा, ओलवायचा, सुकवायचा, दळायचा, रवा चाळायचा, आणि मग तो रवा डोळ्यांत तेल घालून मशीनवर आणायचा. जावई आला की त्याच शेवयांची खीर. म्हणून प्रत्येकीला आपल्याच गव्हाच्या शेवया परत पाहिजेत. शेजारणीच्या चांगल्या निघाल्या तरी नकोत. बायकोनं त्यावर तोड काढली होती. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून प्रत्येकीच्या बांबूला वेगळी चिंधी बांधायची. त्या दिवशी लाल चिंधी मोठ्या आईंची, हिरवी चिंधी शाळेतल्या बाईंची.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतात, बुद्धविहाराच्या मागं राहतात. मोठ्या आईंचे दोन्ही नातू त्यांच्याच हाताखाली शिकतात. रस्त्यात भेटल्या तर "काय बाई, बरंय का?" असं मोठ्या आई विचारतात. पण बाईंच्या घरचा चहा आजवर त्यांच्या घशाखाली उतरलेला नाही. हे कुणी बोलत नाही. बोलायची गरजच पडत नाही.

मग दुपार कलली आणि वावटळ उठली. वावटळ तरी कशी? समोरच्या दुकानाची पाटी उडाली ती थेट घनसावंगीला जाऊन पडली. (बायको म्हणते, नालीत.) मागून काळं आभाळ. शेवयांना चार थेंब लागले की त्यांचं परत पीठ होतं, आणि पीठ झालं की त्या बाईला तोंड दाखवायचं म्हणजे गाव सोडायचं. मी आणि बायको धावलो. बांबू खाली आले, शेवया कवेत धरल्या, जे हाताला लागेल ते बाजेवर. घरात बाज एकच. पाऊस काही आला नाही. आभाळ नुसतं गुरगुरून जाफराबादच्या अंगाला निघून गेलं. बाहेर बांबूला लाल आणि हिरव्या चिंध्या फडफडत राहिल्या, आणि शेवया सगळ्या इथं, एका ढिगात.

"सांगतो का न्हाई?" मोठ्या आई म्हणाल्या.

"आई, दोन्ही गव्हाचा रंग एकच हाय. मी कसं वळखू?"

"मी वळखते." त्यांनी ढिगातली एक शेवई उचलली, दाताखाली कडकन मोडली. "ही माझी." दुसरी. "ही बी माझी." तिसरी, चौथी. जी चावावी ती त्यांचीच निघत होती. त्या हिशोबानं बाईंनी नुसता रिकामा डबा आणला असावा.

मग त्यांचं चावणं थांबलं. "दुसऱ्या कोणाच्या हैत ह्यात?"

हाच प्रश्न येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात गावातल्या सगळ्या देवांना नारळ बोलून बसलो होतो. खरं सांगितलं तर मोठ्या आई डबा उलटा करून निघणार, आणि त्या निघाल्या की रांगही निघणार, थेट पंख्याखाली. संध्याकाळपर्यंत बचत गटाच्या मोबाइलवर गावभर. हंगाम संपला. म्हैसही गेली आणि मशीनही.

"आमच्याच, आई," मी म्हणालो. "घरच्या."

रांगेतली एक बाई खोकली. सकाळी शाळेतल्या बाईंनी डबा माझ्या हातात दिलेला तिनं पाहिला होता.

"तुमच्या घरी येवढ्या शेवया? म्हैस इकून बसले तुम्ही!"

"सासुरवाडीचा गहू आल्ता ना! माझ्या सासऱ्याचं रान कसलं म्हणता? ह्या टोकाला पेरणी सरली की त्या टोकाला काढणीला येतं. दोन दिवस गाडी खाली करून राह्यलो."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या वडिलांच्या नावावर सातबाराच काय, कुंडीतली तुळससुद्धा नाही.

आणि तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. शाळेतल्या बाई. हेल्मेट काढून हातात घेतलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. मला दिसल्या. दिसल्यावर मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण उताराला लागलेल्या ट्रॅक्टरला कुठं ब्रेक असतो?

"सासरे म्हणले, जावईबापू, घ्या. म्हणलं, येवढं कशाला? न्हाई म्हणले, घ्याच. म्हणून ह्या घरच्या शेवया!"

"माझ्या शेवया झाल्या का?" बाईंनी विचारलं.

मोठ्या आईंनी बाईंकडं पाहिलं, ढिगाकडं पाहिलं, मग हातातल्या अर्ध्या मोडलेल्या शेवईकडं. मी तोंड उघडलं.

"तुम्ही गप बसा हो," बायको म्हणाली. मग मोठ्या आईंकडं वळली. "ह्यातल्या दुसऱ्या ह्या शाळेच्या बाईंच्या हैत. वाऱ्यानं मिसळल्या. तुमच्या दहा किलो, त्यांच्या पाच. निवडून काढणारं माणूस माझ्याकडं न्हाई, आई. तराजू हाय."

मोठ्या आईंनी हातातली शेवई बाजेवर टाकली. पदराला बोटं पुसली. "मला नकोत."

"बरं," बायको म्हणाली. तिनं कोपऱ्यातला तराजू बाजेशी ओढला. "मंग सगळ्या बाईंना देते."

"येवढ्या मी काय करू?" बाई म्हणाल्या. "द्या पण. शाळेत खीर करते. धाकटा नातू तुमचा, दोन वाट्या खातो तो."

"काय?" मोठ्या आई एवढ्यानं ओरडल्या की मला पुन्हा आभाळ गुरगुरल्यासारखं वाटलं. "माझा गहू! रानात उभं राहून काढलेला! आन् गावाला फुकट खीर?"

"मंग न्या तुमच्या," बायको म्हणाली.

मोठ्या आई जायला वळल्या, परत बाजेकडं फिरल्या. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर गेला, परत पहिल्यावर आला. मी आयुष्यात कुस्त्या पुष्कळ पाहिल्या, पण एकाच माणसाच्या पोटात दोन पैलवान एवढे झटताना पाहिले नाहीत.

"तोल," त्या शेवटी म्हणाल्या. "मेल्या, बघतो काय? तोल! आन् बराबर तोल!"

मी तोललं. काटा जरा त्यांच्याकडं झुकता ठेवला. बायकोनं माझं बोट काट्यावरून उचललं आणि पुन्हा तोललं. मोठ्या आईंनी डबा पदराखाली झाकला आणि कुणाकडं न बघता निघाल्या. त्यांच्या मागोमाग रांगेतल्या दोघी गेल्या. तिसरी निघाली, फाटकापर्यंत गेली, तिथं घुटमळली आणि परत येऊन लिंबाखाली बसली. जी खोकली होती तिनं डबा मशीनवर आदळला. "लाव की आता! ओलवलेला रवा वाळून राह्यला माझा."

बायकोनं मशीन चालू केलं. त्या आवाजाचा आडोसा घेऊन मी बाईंच्या मागं धावलो. त्या स्कूटीला डबा बांधत होत्या.

"बाई, मनावर घेऊ नका. मी ते आपलं धंद्यापायी बोललो. तुमचं नाव उगं चार बायांत नको यायला, म्हणून. तुमच्याच मानासाठी, बिलकुल!"

बाईंनी दोरीची गाठ ओढून पाहिली. ढिली वाटली असावी. सोडून परत बांधली.

"अजून पाच किलो रवा हाय म्हणल्या होत्या तुम्ही," मी म्हणालो. "तो आणाल ना आमच्याकडंच?"

"आणीन," बाई म्हणाल्या. "तुमच्या त्या घरच्या शेवया संपल्या की."