मोठ्या नंबरची वायर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. पेणला माझ्या सासुरवाडीत हा किस्सा पाहुण्यांना चहाबरोबर देतात.

पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. रोह्याला लागून वरसे गावात मी घर बांधलं. वास्तुशांतीला सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, पेणहून गिझर पाठवला. सोबत निरोप, "वायरमन पण पाठवू काय?"

मला ते लागलं. मी नागोठण्याजवळ एका कंपनीत स्टोअरला. केबलचे अख्खे ड्रम माझ्या सहीशिवाय हलत नसत. आणि माझ्या घरात सासऱ्यांचा वायरमन? चार लोकांत मग माझी काय किंमत राहिली असती? मी कळवलं, "वायरिंग मी स्वतः करतोय."

रोह्याच्या बाजारात दुकानदार म्हणाला, "गिझरला ना? मग तीन-वीस न्या."

तीन म्हणजे आत तीन तारा आणि वीस म्हणजे तारेचा नंबर, एवढं मला ठाऊक होतं.

"त्याच्याहून मोठा नंबर नाय?"

"हाय की, तीन-बावीस. पण…"

"पणबिण काय नाय. तीच द्या. कंपनीत हाय मी."

आता माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. कंपनीत आकडा वाढला की केबल जाड होते. सोळाची अंगठ्याएवढी, तर पस्तीसची मनगटाएवढी. मग बावीस विसापेक्षा जाड असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. वर ती स्वस्तही पडली. मला वाटलं, कंपनीचं नाव ऐकून भाव उतरवला.

गिझर लावला, फ्यूज उडाला. फ्यूजची तार बदलली, परत उडाला.

"अहो, वायरमनला बोलवा ना," बायको म्हणाली.

"तारच कमजोर हाय गो," म्हणत मी ती दुहेरी पिळून घातली. मग नाही उडाला.

वास्तुशांतीच्या सकाळी पहिल्या आंघोळीचा मान मामांचा. त्यांचा साबण लावून होतोय न होतोय, तोच घरभर जळका वास सुटला. बघतो तर भिंतीवरची वायर मेणासारखी ओघळतेय. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. बाथरूमच्या काळोखातून आवाज आला, "जावईबापू, तुम्ही जिवंत हाव ना?"

मागच्या दारी बंब पेटवून मामांच्या अंगावरचा साबण उतरवला. भटजी तोवर चहा पीत बसले.

पूजा आटोपली तसा मी तडकलो. जळकी वायर हातात, मामा साक्षीला, असा थेट दुकानात. "मोठ्या नंबरची मागितली होती तुमच्याकडे. हा असला माल देता?"

विसाची नि बाविसाची टोकं सोलून दुकानदाराने मामांच्या तळहातावर ठेवली. विसाची जाड होती. बाजारात नंबर वाढला की तार बारीक होते, हे मी तिथे, सासऱ्यांच्या देखत शिकलो.

मामांनी चष्मा वर सरकवला. "जावईबापू, शाळंत तुमचा नंबर कितवा यायचा?"

"बाविसावा… म्हणजे त्याच्या आसपास."

"मग विसावा यायचा तो तुमच्यापेक्षा हुशार का ढ?"

दुकानदार खाली वाकून खोक्यात काहीतरी शोधू लागला.

पेणचा वायरमन आला, नवी वायर टाकून गेला. गिझर पुढे वर्षानुवर्षं चालला. मामा मात्र विचारेल त्याला सांगत राहिले, "लेकीच्या घरात आता वायर वीस नंबरची हाय. बावीस नंबरचा फक्त जावई."