बदलीवरची सुकटवाली

वर्षभराच्या पोराला कुणी ‘पावणं’ म्हणतं का हो? आमच्याकडची सुकटवाली म्हणायची. “काय पावणं, दूध घेता का?” “पावणं, चड्डी भिजवलीत, उठा आता.” नातू माझा, घर माझं, आणि हिच्या तोंडी त्याचा मुक्काम आपला चार दिवसांचा! एकदा मी विचारलंच. तर म्हणाली, “आक्का, पावणी मीच हाय. पर सोताला पावणी म्हनले तर कामाला कोण ठेवील?”

ती आली तीच अडचणीत. नातवाला सांभाळणारी आमची सुमन घोडेगावच्या वरची, डोंगरातली. पाऊस लागला की तिला भाताच्या लावणीला गावी जावंच लागतं. त्या वर्षी नेमकं माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि सुनेला नुकतीच नोकरी लागलेली. साहेबानं बजावलेलं, इतक्यात रजा मागू नका. मागितली तर दुसरी बाई तयार आहे. शेजारणींना विचारलं, तर रोज येऊन पोराचे गाल ओढणाऱ्या सगळ्यांच्या कमरा एकाच दिवशी धरल्या. शेवटी बाजारात सुकट-बोंबील विकणारी ही बाई आपणहून दारात उभी राहिली. पावसाळ्याआधी लोक बेगमी करून ठेवतात, मग हिचा धंदा बसतो. येतानाच तिनं अट घातली, “सुमन आली की मी गेले. पोराला माजा लळा लागू द्यायचा न्हाई. बदलीवरल्या बाईचा लळा लागला म्हंजे काम बिगडलं.”

म्हणून ती त्याचा मुका घेत नसे की अंगाई म्हणत नसे. भरवायची तेही बाजारातला भाव करून. “पाच घास. न्हाई? बरं, चार घ्या. अवो, तिनाला मलाच परवडत न्हाई!” पोरगं खिदळायचं आणि वाटी रिकामी. सुमन एवढ्या लाडानं भरवायची, तेव्हा निम्मं भिंतीला लागायचं.

आमचे हे माळकरी. ती बिचारी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून यायची, तरी ह्यांचं नाक वर. “वास येतोय,” म्हणाले. ती म्हणाली, “आबा, माळ गळ्यात घातलीय का नाकात?” तेव्हापासून हे ओसरीवर बसायला लागले. आतलं हसणं ऐकून हळूच वाकून बघायचे, ते वेगळं.

पण लळा काय अटी वाचून लागतो? ती दारात दिसली की पोरगं रांगत उंबऱ्यापर्यंत. ती मुद्दाम तोंड फिरवून चपला काढायची, तर हे तिचा पदर धरून उभं. पहिलं पाऊल टाकलं तेही तिच्याकडे. सून ऑफिसात, मी बाजेवर. ही ओरडली, “पावणं, हे आईसमोर टाकायचं!” आणि दंड धरून त्याला खाली बसवलं. संध्याकाळी सून आली आणि त्यानं पुन्हा टाकलं. सुनेला अजून तेच पहिलं वाटतं. आता हे वाचलं तर वाचलं.

लावणी आटोपून सुमन आली, तर पोरगं तिच्याकडे जाईना. सुकटवालीच्या गळ्याला चिकटून बसलेलं. सुमनचं तोंड एवढंसं झालं. तिचं घर ह्याच कामावर चालायचं. मी सुकटवालीला म्हटलं, “राहा की अजून आठवडाभर.”

“आन् सुमनचं काय, लोणचं घालू?” म्हणत तिनं गळ्याभोवतीचे हात सोडवले, पोर सुमनच्या कडेवर दिलं आणि मागं न बघता निघाली. ते घसा बसेस्तोवर रडलं, आणि मग भूक लागल्यावर मुकाट सुमनच्या हातचं जेवलं.

ती पुन्हा आमच्या आळीत फिरकली नाही. संक्रांतीच्या बाजारात मीच नातवाला घेऊन तिच्या पाटीसमोर गेले. माळकऱ्याची बायको बोंबलांपुढे उभी, लोक टकामका बघायला लागले. नातवानं तिच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि पलीकडच्या फुगेवाल्याकडे हात केला.

“बगा आक्का, वळखलं न्हाई,” ती म्हणाली. “झालं का न्हाई काम बेस?”

“झालं, बाई.”

“मग जावा आता. थांबू नका.”

आणि पाटीशी गुपचूप उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर वस्सकन ओरडली, “तू काय बगतो रं? बोंबील कदी बगितला न्हाई व्हय?”